दाढ काढायची की राखायची?

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. 1968 साली ते सुरू झालं. राज्यात अशी शासकीय दंत महाविद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी, विदर्भात तर हे एकच. त्यामुळे सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे जी रांग लागते तिच्यात नुसतं नागपूर नसतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर असतं, आणि सीमेपलीकडचे छिंदवाडा, शिवनी, बालाघाटही असतात. यातल्या बऱ्याच जणांनी निदान आणि उपचार दोन्ही घरूनच ठरवून आणलेले असतात. "दाढ लय ठणकून राह्यली जी, काढूनच टाका." समोरचा तरुण डॉक्टर एक्स-रे उजेडापुढे धरतो आणि सांगतो, की ही वाचू शकते, रूट कॅनल करावं लागेल, तीन-चार वेळा यावं लागेल. त्यावर उत्तर ठरलेलं असतं. "तीन-चार वेळा कोण येणंजाणं करन? एकदाची काढून द्या."

दात काढण्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते दुखेल का, रक्त किती जाईल, डोळ्याला काही होईल का, एवढंच. खुर्चीत बसल्यानंतरच्या त्या पंधरा-वीस मिनिटांची सगळी भीती. त्या मिनिटांची काळजी वैद्यकशास्त्रानं कधीच मिटवून टाकली आहे. घोटाळा आहे तो आधीच्या महिन्यांत आणि नंतरच्या वर्षांत. दात उशिरा दाखवला जातो, उशीर झाला म्हणून काढला जातो, आणि काढल्यावर ती जागा तशीच राहते. आपण भितो खरे, पण नको त्या गोष्टीला.

आधी खुर्चीतलंच बघू. दात 'उपटतात' हा समज पक्का आहे. प्रत्यक्षात ओढण्याचं काम त्यात फार थोडं. दाताचं मूळ हाडाला चिकटवलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. डॉक्टर आधी हिरडी दाताच्या मानेपासून सोडवतात. मग एलिव्हेटर नावाचं अरुंद पात्याचं हत्यार दात आणि हाड यांच्या फटीत सरकवून मनगटानं किंचित फिरवतात. तंतू तुटू लागतात, हाडाची खोबण थोडी रुंदावते. त्यानंतर फोरसेप्स येतो. याला जुनी माणसं अजून पक्कडच म्हणतात. त्याची टोकं दाताच्या डोक्यावर ठेवायची नसतात, हिरडीखाली मुळापर्यंत ढकलायची असतात. मग गालाकडे सावकाश दाब, मग जिभेकडे, पुन्हा गालाकडे. हाड जिवंत असतं, थोडं लवचिक असतं, ते वाट देतं. वरच्या पुढच्या दाताला एकच निमुळतं मूळ असतं, म्हणून तो गोल फिरवता येतो. खालच्या दाढेला दोन मुळं, वरच्या दाढेला तीन. त्या फिरवल्या तर मूळ तुटणारच. नवख्या विद्यार्थ्याला हे हातात मुरायला वेळ लागतो. ताकद लावणाऱ्यापेक्षा थांबणारा हात बरा, असं त्यांना शिकवलं जातं आणि ते खरं आहे.

शेवटी 'कट्' असा आवाज होतो. तो कानातून येत नाही, जबड्याच्या हाडातून थेट डोक्यात येतो, म्हणून घाबरवतो. दुखत मात्र नाही. बधिरतेचं इंजेक्शन वेदना घेऊन जातं, दाब घेऊन जात नाही. हे आधी नीट सांगितलं तर निम्मी माणसं खुर्चीत शांत बसतात. "टोचतंय, की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय?" हा प्रश्न विचारणारा डॉक्टर चांगला समजावा.

या बधिरतेचा इतिहास तर दातापासूनच सुरू होतो. अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्यानं 11 डिसेंबर 1844 रोजी लाफिंग गॅस हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. दोन वर्षांनी विल्यम मॉर्टननं ईथर देऊन रुग्णाचा दात काढला आणि काही दिवसांतच बोस्टनच्या रुग्णालयात ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. शस्त्रक्रियेतल्या भूलशास्त्राचं दार दंतवैद्यांनी उघडलं, याचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही. मग कोकेन आलं, 1905 च्या सुमारास प्रोकेन आलं, आणि 1948 पासून लिग्नोकेन बाजारात आहे. आज मेडिकल चौकात काय किंवा धंतोलीतल्या दवाखान्यात काय, सिरिंजमध्ये बहुधा तेच असतं, सोबत रक्तवाहिन्या आकुंचित करणारं किंचित अ‍ॅड्रेनॅलिन. इंजेक्शननंतर काही जणांची छाती धडधडते ती या अ‍ॅड्रेनॅलिनमुळे. मिनिटा-दोन मिनिटांत ते शमतं.

आता डोळ्याकडे वळू. "वरची दाढ आहे जी, डोळ्याले काही होणार नाही ना?" विदर्भातल्या दवाखान्यात हा प्रश्न निघाल्याशिवाय दिवस जात नसावा. शिकलेली माणसंही विचारतात, फक्त हसत हसत विचारतात. ही भीती खेडवळ अडाणीपणातून आली असं डॉक्टर मंडळी समजतात, पण तिची वंशावळ फार मोठी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मुखरोगांवर अध्याय आहे. त्यात किडलेला आणि हलणारा दात काढून त्या जागी डाग द्यावा असं सांगितलं आहे. मात्र वरचा, घट्ट बसलेला दात मुळासकट काढला तर अति रक्तस्रावामुळे भयंकर रोग होतात, माणूस एका डोळ्यानं आंधळा होतो, चेहरा वाकडा होतो, म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्यानं काढू नये, असा स्पष्ट निषेध आहे. म्हणजे ओपीडीत ऐकू येणारा प्रश्न दोन हजार वर्षांच्या घरातला आहे, आणि तो आजीबाईचा नाही, शल्यशास्त्राच्या आद्य ग्रंथाचा आहे.

सुश्रुतानं हे का लिहिलं असेल? वेड्यासारखं काही लिहिणारा तो ग्रंथ नव्हे. माझा अंदाज असा, की वैद्यांनी तसं खरोखर पाहिलं असणार. वरच्या सुळ्याचं आणि दाढांचं मूळ डोळ्याखालच्या भागापासून फार लांब नसतं. मुळाशी पू झाला की सूज थेट खालच्या पापणीपर्यंत चढते, डोळा मिटतो. चेहऱ्याच्या या भागातल्या शिरांचा संबंध डोळ्यामागच्या आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी येतो, त्यामुळे संसर्ग क्वचित तिथपर्यंत जाऊ शकतो. प्रतिजैविकं नसलेल्या काळात माणूस वैद्याकडे येणार तो संसर्ग पुरता भिनल्यावर. वैद्यानं दात काढला, दोन दिवसांनी डोळा गेला. दोष दात काढण्यावर आला, पू तसाच राहिल्यावर आला नाही. दृष्टीची नस आणि दाताची नस या दोन वेगवेगळ्या आहेत. दात काढल्यानं नजर जात नाही. वरच्या जबड्यातल्या इंजेक्शननं फार क्वचित एखाद्याला तास-दोन तास दोन-दोन दिसतं, औषध उतरलं की ते जातं. भीतीत खऱ्याचा अंश एवढाच.

पण 2021 च्या उन्हाळ्यात नागपूरनं या भीतीचं दुसरं रूप पाहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराची लाट आली आणि महाराष्ट्रात तिचा सगळ्यात जोरदार तडाखा बसलेल्या शहरांत नागपूर होतं. मधुमेह, कोरोना आणि स्टिरॉइड यांच्या संगतीत ही बुरशी नाकातून गालाच्या हाडातल्या पोकळीत शिरते, तिथून टाळूत उतरते आणि डोळ्याकडे चढते. कित्येकांना पहिली चाहूल लागली ती दातात. वरच्या बाजूचे चांगले, न किडलेले तीन-चार दात एकाएकी हलू लागले, गाल बधिर झाला, टाळू काळवंडली. काही जण दाढ काढायला म्हणून गेले आणि दंतवैद्यानं फोरसेप्स खाली ठेवून स्कॅन करायला पाठवलं. ज्यांच्याबाबत हा संशय वेळेत आला त्यांचा जबड्याचा तुकडा गेला पण डोळा वाचला. ज्यांच्याबाबत नाही आला त्यांचे डोळे गेले, जीवही गेले. त्या महिन्यांत नागपूरच्या मुखशल्यचिकित्सकांनी वरचे जबडे काढण्याच्या ज्या शस्त्रक्रिया केल्या, त्यांची मोजदाद एरवीच्या काळाशी करताच येणार नाही. दातानं डोळ्याची आगाऊ सूचना दिली होती. ऐकणारा हवा होता. न किडलेला दात अचानक हलू लागला, तर तो काढण्याआधी का हलतोय हे शोधलं पाहिजे, हा त्या उन्हाळ्याचा धडा अजून जुना झालेला नाही.

सुजेबद्दलही असाच उलटा समज आहे. गाल सुजला असताना दाढ काढत नाहीत, आधी सूज उतरवायची, असं घरोघरी सांगतात. मग हळद-चुन्याचा लेप लागतो, गरम विटेनं शेक होतो, मेडिकल स्टोअरमधून चार गोळ्या सुट्या मिळतात. सूज उतरते. दाढ विसरली जाते. महिन्यानं ती पुन्हा उठते, आधीपेक्षा जास्त. आजची रीत अशी, की पुवाचं मूळ जितकं लवकर काढून टाकाल तितकं चांगलं. दाढ काढणं हाच पू वाहून जायचा रस्ता ठरतो. अडचण एवढीच, की पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिरतेचं औषध नीट चढत नाही, म्हणून डॉक्टर दूरच्या नसेवर इंजेक्शन देतात किंवा आधी चिरा देऊन पू काढतात. प्रतिजैविक दाढेच्या आतल्या मेलेल्या नसेपर्यंत पोहोचतच नाही, कारण तिथे रक्तपुरवठा उरलेला नसतो. बाहेरून शेकण्यानं पू गालाच्या कातडीकडे वाट काढतो आणि जन्माचा व्रण देऊन जातो. खालच्या दाढेची सूज जिभेखाली आणि गळ्याकडे उतरली, गिळता येईना, आवाज जाड झाला, तर ती रात्र घरी काढायची नसते. याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. 1836 साली जर्मन डॉक्टर लुडविग यांनी त्याचं वर्णन केलं. त्यात श्वासनलिका दबून माणूस गुदमरतो. किडक्या दाढेनं माणूस मरू शकतो, हे आजही खरं आहे.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतले किडे पाण्यात पाडून दाखवणारे अजून भेटतात. दाढेत किडा नसतो. साखर खाणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि दात विरघळतो, एवढंच असतं. पाण्यात पडतात ते बियांचेच तुकडे. लवंगेच्या तेलाचं मात्र खरं आहे. त्यातलं युजेनॉल नस शांत करतं, दंतवैद्यही ते वापरतात. फक्त त्यानं दुखणं थांबतं, कीड थांबत नाही.

आता नागपूरचा खास विषय, खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून हातानं घोटायचा आणि गालात धरायचा. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै 2012 मध्ये बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवरही आली, पण पानठेल्यावर खर्रा घोटणारा हात काही थांबला नाही. पूर्व विदर्भात बाया गुडाखू हा तंबाखूचा लगदा दाताला लावतात तो वेगळाच. दात दुखला की दाढेत तंबाखूची चिमूट दाबायची ही तर पिढीजात सवय, आणि कित्येकांचं व्यसन तिथूनच सुरू झालेलं असतं.

खर्ऱ्याचा आणि दात काढण्याचा संबंध कुणी फारसा लावत नाही. तो असा आहे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचे पट्टे तयार होतात. गाल पांढुरका, ताठ होतो, तिखट सोसेनासं होतं, आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या वरच्या-खालच्या दातांत आपली तीन बोटं उभी मावतात. या रुग्णाला दोन मावतात, मग एक, मग तेही नाही. ओपीडीतला डॉक्टर बोटं घालून बघतो ते याचसाठी. आता अशा माणसाची मागची दाढ किडली तर? फोरसेप्स आत जायला जागा नाही, सिरिंज योग्य कोनात फिरत नाही, आरसा बसत नाही. जे काम पंधरा मिनिटांचं त्याला भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह लागू शकतं. भूलतज्ज्ञालाही श्वासाची नळी तोंडातून घालता येत नाही, ती नाकातून दुर्बिणीच्या मदतीनं घालावी लागते. एका दाढेसाठी एवढा खटाटोप. सावजी रस्सा खाता येत नाही म्हणून माणूस कुरकुरतो, पण तोंड बंद होत चाललंय याकडे त्याचं लक्ष जातं ते दाढ दुखल्यावर.

याहून धोक्याचं आणखी एक आहे. खर्रा खाणाऱ्याचा दात हलतोय, शेजारी हिरडीवर किंवा गालाच्या खोबणीत न भरणारी जखम आहे, आणि तो म्हणतोय दात काढा. हा दात काढून टाकणं हा मोठा अपराध ठरू शकतो. हाडात शिरलेल्या कर्करोगानं दात सैल झाला असेल, तर दात काढल्यावर तो खड्डा भरत नाही, उलट त्यातून गाठ वर येते, आणि मधले मौल्यवान आठवडे जातात. दोन-तीन आठवडे न भरणारी कोणतीही जखम आधी तुकडा काढून तपासायची असते. तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा जामठ्याचं कर्करोग रुग्णालय इथे पोहोचणाऱ्या तोंडाच्या रुग्णांना विचारा, सुरुवात कशानं झाली? दात हलत होता, हे उत्तर नवलाचं नसतं. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी, ही पळवाट तेव्हाच बंद झाली.

विदर्भात विचारायलाच हवा असा आणखी एक प्रश्न सिकलसेलचा. हा आनुवंशिक रक्तविकार इथे ठिकठिकाणी आहे. दाताचा संसर्ग, भीती, उपाशीपोट, पाणी कमी पिणं, यांतलं काहीही त्या रुग्णाला वेदनेच्या झटक्यात ढकलू शकतं. शिवाय झटक्यात जबडाच दुखतो आणि रुग्णाला दाढ दुखल्यासारखं वाटतं. दाताला कीड नाही, पिचलेला नाही, तरी ठणका आहे. अशा वेळी घाईनं चांगली दाढ गमावलेले लोक आहेत. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब लिहितात तसं सिकलसेलही लिहिलं पाहिजे, आणि रुग्णानं न विचारता सांगितलं पाहिजे. हृदयरोगासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंद करू नयेत. दाढेतून थोडं जास्त रक्त जाणं परवडतं, हृदयातली गुठळी परवडत नाही. हाडांच्या ठिसूळपणावर किंवा कर्करोगावर हाडं घट्ट करणारी इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगायचं, कारण त्या औषधांनंतर दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो. गरोदर बाईची दाढ काढता येते, मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

काढल्यानंतरचं पथ्य सोपं, पण ते मोडण्याची नागपुरी कल्पकता मोठी. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच मलमपट्टी. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, ओढून पिण्याचं काही नाही. थंड खा म्हटलं की माणूस बर्फाचा गोळा चोखतो, शहाळं नळीनं पितो. ओढलं की गुठळी निघून येते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी जी कळ सुरू होते ती ड्राय सॉकेटची. दाढ दुखत होती ती बरी, असं म्हणायची पाळी येते. साध्या दात काढण्यात शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं, खालच्या अक्कलदाढेत पुष्कळ जास्त, तंबाखूवाल्यांत आणखी जास्त. "दुसऱ्या बाजूनं खर्रा खाल्ला तं चालते का जी?" हा प्रश्न मी विनोद म्हणून लिहीत नाही, तो गंभीरपणे विचारला जातो. नाही, चालत नाही.

इथवर झालं दात कसा काढतात ते. तो मुळात काढायचाच का, हा अवघड भाग.

एकेकाळी सगळ्या जगानं दात काढण्याचा सपाटा लावला होता. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं मॉन्ट्रियलमध्ये भाषण केलं, की दातांतला दडलेला संसर्ग हे संधिवातापासून रक्तक्षयापर्यंत अनेक रोगांचं मूळ आहे. त्यानंतर पाव शतक इंग्लंड-अमेरिकेत चांगले दातही उपटले गेले. न्यू जर्सीच्या ट्रेंटनमध्ये हेन्री कॉटन नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं तर वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात काढले. ब्रिटनमध्ये लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून द्यायची, म्हणजे पुढे नवऱ्याला खर्च नको, अशी रीत काही भागांत होती. 1968 मध्ये, म्हणजे नागपूरचं कॉलेज सुरू झालं त्याच साली, इंग्लंड-वेल्समध्ये सर्वेक्षण झालं तेव्हा 37 टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. 2009 पर्यंत इंग्लंडमध्ये हे प्रमाण 6 टक्क्यांवर आलं. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आली, आणि दात राखण्याकडे कल वळला, त्याचा हा परिणाम. अक्कलदाढेबाबतही तेच झालं. काहीही त्रास नसलेली अडकलेली अक्कलदाढ सरसकट काढू नये, असा दंडक ब्रिटनच्या आरोग्य संस्थेनं 2000 साली घातला. त्रास देणारी, शेजारच्या दाढेला कीड लावणारी, वारंवार सुजणारी काढायची. आपल्याकडे काही दवाखान्यांत 'पुढे त्रास देईल' म्हणून चारही काढायचं पॅकेज सांगतात, तेव्हा 'पुढे म्हणजे कधी, आणि एक्स-रेत काय दिसतंय' हे विचारायला हरकत नाही. दात सरळ करण्यासाठी चार उपदाढा काढतात ते वेगळं. जागा कमी आणि दात मोठे असतील तर त्याला शास्त्र आहे, मात्र त्यावरही दंतवैद्यांत शंभर वर्षांहून जुना वाद आहे.

आपल्या इथे दात जातो तो बहुतेक वेळा पैशामुळे आणि अंतरामुळे. दात काढणं एका फेरीत, थोड्या पैशांत होतं. रूट कॅनल आणि वर टोपी म्हणजे खासगीत काही हजार आणि तीन-चार फेऱ्या. गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या किंवा भामरागडच्या मजुराला प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं. त्यानं 'काढून टाका' म्हटलं तर तो मूर्ख नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. चुकतो आहे तो व्यवस्थेचा हिशेब. सर्वसाधारण आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होण्याच्या मोठ्या आजारांसाठी आहे. तिच्यात तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया बसते, त्याआधीची दाढ भरणं बसत नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 पासून आहे, पण तालुक्याच्या दवाखान्यात दंतवैद्य आणि खुर्ची असली तरी रूट कॅनलचं साहित्य असेलच असं नाही. मग तिथे मिळणारा उपचार एकच, काढणं. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, एकट्या नागपूरच्या हिंगणा रस्त्याला दोन खासगी आहेत. दंतवैद्यांचा तुटवडा नाही, ते जिथे हवेत तिथे नाहीत, एवढंच.

काढलेल्या दाढेची किंमत नंतर कळते. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरची दाढ विरोध नसल्यानं लांबते, हाड झिजतं, माणूस एकाच बाजूनं चावतो. जागा भरायला काढता येणारा दात, शेजारच्या दातांना कोरून बसवलेला ब्रिज, नाहीतर इम्प्लांट. आजच्या प्रकारचं इम्प्लांट माणसाला पहिल्यांदा बसवलं ते 1965 मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी, आणि ते उत्तम काम करतं. पण त्याच्या खर्चात कितीतरी दाढा आधी वाचवता आल्या असत्या. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण नागपूरच्या मध्यमवर्गाला अगदी चपखल बसते. माझं मत विचाराल तर हललेली, अर्ध्याहून अधिक आधार गेलेली, मुळापर्यंत उभी चिरलेली दाढ निमूटपणे काढावी, तिच्यावर पैसा घालू नये. बाकी दाढ वाचवायची एक तरी संधी द्यावी. आणि खुर्चीत मान डोलावण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं, ही वाचू शकते का, नसेल तर का नाही. चांगला डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून दाखवतो.

सगळ्यात जास्त काढली जाणारी दाढ कोणती, हे सांगून थांबतो. ती म्हणजे कायमची पहिली दाढ. ती मुलाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दुधाचा दात न पडता. त्यामुळे आईबापांना वाटतं ही दुधाचीच, पडेल आणि नवी येईल. ती किडते, काळी पडते, आणि बारा-चौदाव्या वर्षी मूल तिला काढून घ्यायला रांगेत उभं राहतं. तिच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपानं भरून ठेवल्या तर बरीचशी कीड टळते. हे काम एका बैठकीत, इंजेक्शन न देता होतं. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्या तोंडात मागे बघा. दुधाच्या दोन दाढांच्या मागे तिसरी दिसली, तर ती जन्मभराची आहे.